पेटीत बसून गेलेली गौरजा

मी एक जुनी पेटी आहे. नाही मित्रांनो, आंब्यांची नव्हे. देवगडच्या आंब्यांच्या पेट्यांभोवती माणसं नाक फुगवून गोळा होतात. मला पाहिलं की वाट बदलतात. मी मेलेल्या माणसांची पेटी आहे. घाबरलात? बसा, बसा. मी स्वतःहून कुणाला बोलावत नाही. तशी अफवा एका भल्या माणसाने उठवली, आणि तीच पुढे एका बाईच्या जिवावर उठली. तेच सांगते.

मालवणजवळ खाडीकाठच्या एका वाडीत माझा जन्म झाला. पावलू मेस्त्रीने फुटलेल्या होडीच्या फळ्या जोडल्या, फटींत काथ्या ठोकला आणि वरून काजूच्या टरफलांचं तेल चोपडलं. बिचाऱ्याने जन्मभर होड्याच केल्या होत्या. हाताला दुसरं वळण नव्हतं. लोक हसले, "काय रे पावलू, मढ्याक बुडूची भीती आसा काय?"

वाडीतल्या ख्रिस्ती घरांना दर माणसामागे नवी पेटी परवडत नसे, म्हणून मी सगळ्यांची. मेलेल्याला माझ्यात निजवून कबरीपर्यंत न्यायचं, पांढऱ्या चादरीत गुंडाळून खाली सोडायचं आणि मला पुन्हा छोट्या चर्चमागच्या पडवीत आणून ठेवायचं. असे बेचाळीस जण मी पोचवले. पण खरं सांगू? पूर्ण रिकामी मी एकदाही परतले नाही. कुणाचा खोकला, कुणाच्या केसांतल्या तेलाचा वास माझ्या फळ्यांत राहून गेला. भर दुपारी, वारा पडलेला असताना, माझ्या आतून टकटक ऐकू येई. माणसं म्हणत, वाळवी. आता वाळवी आधी दोनदा आणि मग जरा थांबून एकदा, असं वाजवते का? तसं शेजारणीचं दार वाजवायची सवय वाडीतल्या रुझाय मावशीची होती. तिला पोचवून तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

माझी निगा बस्त्याव राखायचा. वर्षातून एकदा मला उन्हात काढून तेलाचा हात द्यायचा. माणूस सरळ, पण देवाविषयी बोलायला लागला की अंगात वारं भरायचं. वाडीतल्या हिंदू शेजाऱ्यांना आपला येशू कळावा, अशी त्याला फार तळमळ होती. एका साली त्याने मला हातगाडीवर घातलं आणि थेट देवळाच्या जत्रेत, गोड खाज्याच्या दुकानाशेजारी नेऊन उभं केलं. झाकण उघडलं आणि ओरडायला लागला, "ह्यात सगळ्यांक येवचा आसा! आज हंसतास, मगे रडशात!"

वाडीतल्या धनेशची नवी बायको गौरजा हातात खाज्याची पुडी घेऊन माझ्यात डोकावली. बस्त्यावने तिच्याकडेच बोट केलं. "तुकाच सांगतंय गो! ही पेटी तुका बोलावतली!"

गौरजाच्या हातातली पुडी माझ्यात पडली. महिन्याभरात तिचं पोटातलं मूल गेलं. पेटीनेच बोलावलं, असं वाडी म्हणू लागली.

तिची सासू राधाबाई पडवीसमोर येऊन उभी राहिली. रडली नाही. "बस्त्याव," ती म्हणाली, "तुझो देव बरो असतलो. पण तुझी जीभ बरी नाय." त्या दिवसापासून बस्त्यावने जत्रेची वाट सोडली. राधाबाईच्या दारात मात्र अधूनमधून सोललेले नारळ दिसू लागले. कोण ठेवतं ते तिला ठाऊक होतं. तिने कधी विचारलं नाही, आणि नारळ परतही पाठवले नाहीत.

दोन वर्षांनी, श्रावणात, खाडीला असं उधाण आलं की साकव, खाडीवरचा तो लाकडी पूल, दिसेनासा झाला. माडाच्या झापांखाली ओढून ठेवलेल्या होड्या वाहून तरी गेल्या, नाहीतर फुटल्या. आणि नेमकी त्याच दिवशी दुपारी गौरजा अडली. मूल आडवं आलं होतं. फोन करून बोलावलेली इस्पितळाची गाडी पलीकडच्या काठावर येऊन थांबली होती, अलीकडच्या काठावर गौरजाला आणून टेकवलेलं, मधे पाणी. धुकं इतकं दाट की गाडीचा लाल दिवाच तेवढा हवेत लटकल्यासारखा दिसे.

तेवढ्यात बस्त्याव मला पाठीवर घेऊन काठावर आला. पाठीवर शवपेटी, डोक्यावर पाऊस! धनेशने धोंडा उचलला. गौरजा किंचाळली, "आली! माका न्हेवक आली!"

"ही तरंगता," बस्त्याव धापा टाकत म्हणाला. "होडयेच्या फळ्यांची आसा. तिका ह्यात बसवया."

"मी मरान, पण त्यात बसूचंय नाय!" गौरजा म्हणाली.

मित्रांनो, तेव्हा बस्त्याव चिखलात गुडघ्यांवर बसला. "चूक माझी, गौरजा. देवान माका तसा सांगूक सांगलेला नव्हता. माझ्या मनातला भय मी देवाच्या तोंडात घातलंय. ही कोणाक बोलवणा नाय. ही नुसती लाकडा."

आणि तो माझ्यात उताणा झोपला. हात छातीवर, डोळे मिटलेले. खरं सांगते, माझ्या फळ्यांना तो त्रेचाळिसावाच वाटला आणि मी सवयीने त्याला आवळूही लागले. मग तो उठून बसला. "बघ. उठलंय मां?"

गौरजाने कळा सोसत विचारलं, "मी जगलंय तर तुझ्या धर्मात येवचा लागतला?"

"काय एक नको. जगलंस तर जग. तू तुझ्या देवीक हाक मार, मी माझ्याक मारतंय."

राधाबाईने सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि स्वतःच तिला धरून माझ्यात बसवलं.

एका अंगाला धनेश, दुसऱ्या अंगाला बस्त्याव, दोघेही पाण्यात. मी पहिल्यांदाच जिवंत माणूस वाहत होते, आणि ते माणूस फार हलतं हो! मध्यावर भोवऱ्याने मला धरलं. धनेशचा हात सुटला; तो पोहत मागोमाग येऊ लागला. गळ्यापर्यंत पाण्यात बस्त्याव काहीतरी पुटपुटत होता. आणि तेव्हा माझ्या बुडाला, खालून, पाण्यातून टकटक झाली. दोनदा. मग जरा थांबून एकदा. मग दुसऱ्या बोटांची, तिसऱ्या बोटांची, सगळ्या फळ्यांवर. बेचाळीस जणांचे हात मी नाही ओळखणार? त्यांनी मला भोवऱ्यातून अलगद सरकवलं, जशी आई पाळणा सरकवते. तुम्ही म्हणाल, ओंडके असतील. असतील हो. ओंडक्यांनाही पाच पाच बोटं असतील.

धुक्यातून शवपेटी येतेय आणि आत बसलेली बाई ओरडतेय, हे पाहून गाडीचा ड्रायव्हर गाडीत शिरला आणि त्याने काचा वर केल्या. लाल दिवा हलेना, तशी अलीकडच्या काठावरून राधाबाई काय ते ओळखून बोंबलू लागली, "अरे मेल्या, भूत न्हय तां! सून आसा माझी! दार उघड!"

दार उघडलं. मुलगी झाली. दोघी जगल्या.

बस्त्यावने मला पुन्हा पडवीत ठेवलं आणि पुसलं. पलीकडच्या गावचे ख्रिस्ती लोक म्हणाले, "आता सांग त्यांका! आता आयकतीत!" तो म्हणाला, "त्यांनी विचारल्याशिवाय नाय."

दिवाळीनंतर एका दुपारी राधाबाई पडवीत आली. "बस्त्याव, त्या दिसा पाण्यात काय पुटपुटत होतस?"

"माका नीट सांगूक येणा नाय, राधाबाई."

"जत्रेत तर घसो सुकासर सांगत होतस!"

"तेव्हा माका सगळा ठावक होता."

राधाबाई हसली. त्याच्यासमोर, दोन वर्षांत पहिल्यांदा. मग बस्त्यावने अडखळत सांगितलं, की त्याचा गुरू, येशू, मरणाच्या आदल्या दिवशी पाणी आणि पंचा घेऊन खाली बसला आणि त्याने शिष्यांचे पाय धुतले.

"गुरून? शिष्यांचे?"

"होय. जो दगो देतलो, तेचेव पाय."

ज्या पेटीकडे राधाबाई एकेकाळी बघतही नसे, त्या माझ्या झाकणावर ती पदर सावरून बसली. म्हणाली, "मगे? मगे काय झाला?"

आता गावोगाव चकचकीत कड्यांच्या पेट्या मिळतात. मला कुणी तेल लावत नाही. कोंबड्या माझ्यात अंडी घालतात. त्याचं दुःख आहे, पण थोडंच. मित्रांनो, तुम्हाला जे खरं वाटतं ते शेजाऱ्याला जरूर सांगा. पण त्याला भिववून सांगू नका. आधी त्याच्यासाठी पाण्यात उतरा, आणि तो विचारेपर्यंत थांबा. बाकी काही नाही. आणि कधी आलात, तर राधाबाईसारखे खुशाल माझ्यावर बसा. फळ्या अजून भक्कम आहेत. खालून टकटक झाली, तर जरा सरकून जागा द्या, एवढंच.