साठ चौकटी

कुऱ्हाडीच्या एकाच घावात सहाव्या रिळाचे दोन तुकडे झाले. नुरदीनने ते पायाने ढकलले आणि सातव्याला हात घातला, तशी जिपार त्याच्या अंगावर झेपावली.

"हे नाही!"

"आपा, सोड! जुनी रिळं तोडायची आणि सह्या करून कागद वर पाठवायचा, हे तूच शिकवलंस ना? स्वतः किती तोडलीस!"

"बाकीची तोड. हवं तर मला तोड."

नारिन गावच्या त्या थिएटरात तिने उभा जन्म यंत्रापाशी काढला. आता तिथला व्यवस्थापक तिचाच मुलगा, आईला तिकडच्या रीतीने आपा म्हणणारा. ओढाताणीत पातं घसरलं आणि तिचा तळवा चिरला. रक्त रिळावर सांडलं.

"वेड लागलं का तुला? शुक्रवारी हाच सिनेमा नव्या यंत्रावर लावतोय. धुऊनपुसून, अख्खा!"

"अख्खा म्हणूनच रे, माझ्या शिंगरा!"

यंत्रखोलीतून तिने चहाचा डबा आणला. आत अडीच हात फिल्मची पट्टी होती. नुरदीनने ती उन्हासमोर धरली. घोड्याचे पुढचे पाय मुडपलेले. पांढऱ्या टोपीचा स्वार हवेत. मग मागच्या घोड्यांच्या टापा, आणि त्यांच्याखाली त्याची मान.

"अब्बा पडले तेव्हा कॅमेरा बंद होता म्हणालीस."

"तू पाच वर्षांचा होतास. दुसरं काय सांगणार होते?"

दिग्दर्शकाने स्वाराचं काम करणाऱ्या तिच्या नवऱ्याचं, तोलोगोनचं मरण सिनेमात तसंच ठेवलं होतं. रीळ नारिनला आलं तेव्हा जिपारने कात्री घेतली, साठ चौकटी कापल्या, टोकं जोडली. गावोगावच्या पडद्यांवर तो मरत राहिला. या एका गावात मात्र चढ चढून धुळीत दिसेनासा होई, स्वार टेकडीपार जात, आणि त्यांतच तो असणार म्हणून म्हातारीकोतारी दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवून त्याला दुवा देत. इतकं साधं देवदर्शन!

नुरदीनने पट्टी डब्यात ठेवली. आईच्या हाताला त्याने आपला रुमाल बांधला. मग कुऱ्हाड उचलून सातवं रीळही तोडलं, तोंड फिरवून.

शुक्रवारी दुपारी जिपार तिसऱ्या रांगेत बसली. पडद्यावर भाले घुसत होते, माणसं किंचाळत होती. पांढरी टोपी चढाला लागली. घोड्याचे पाय मुडपले—

पडदा काळवंडला. कडेने पाच बोटांची लालसर धग तेवढी दिसत होती. वर यंत्रखोलीत कुणीतरी भिंगापुढे तळहात धरला होता.

"यंत्र नवं, खोड जुनीच!" मागून कुणी हसलं.

जिपारच्या मनात त्या साठ चौकटी सरकत होत्या. शेवटची सरली आणि हात हलला. धूळ उडाली, स्वार टेकडीपार गेले.

म्हाताऱ्यांचे तळवे चेहऱ्यांवरून फिरले. जिपारनेही रुमाल बांधलेला हात उचलला.