पूर्ण तीन तासांची चाचणी

आमच्या धंद्यात बहुतेक जण पाच सेकंदांची चाचणी घेतात. बाहेर पडायच्या दारावर हिरवी पाटी असते, जिन्यात आणीबाणीचे दिवे असतात, त्यांना खालच्या बाजूला एक बारकं बटण असतं. ते दाबायचं, दिवा बॅटरीवर लागला की कागदावर 'ठीक' लिहायचं, चहा घ्यायचा आणि पुढची इमारत गाठायची. मी मेन स्विच पाडते आणि तीन तास थांबते, कारण नियम तीन तासांचा आहे. त्यामुळे मालक लोकांत माझं नाव 'तीन तासवाली' पडलंय आणि मला बोलवायला कुणी राजी नसतं.

या कपड्यांच्या दुकानाचं काम मात्र मी एजन्सीच्या हातापाया पडून मागून घेतलं. नवी चारमजली इमारत, दोन दिवसांवर उद्घाटन, आणि मालक तोच.

सहा वर्षांपूर्वी त्याच्या जुन्या दुकानात माझी ताई तिसऱ्या मजल्यावर लहान मुलांचे कपडे विकायची. एका सकाळी सव्वादहाला, दुकान उघडून पंधरा मिनिटंही झाली नव्हती, तळमजल्यावरच्या वायरिंगने पेट घेतला. वीज गेली, धूर वर चढला. आणीबाणीचे दिवे वर्षभरापूर्वीच बसवलेले, त्यांचं प्रमाणपत्र काउंटरमागे फ्रेम करून लावलेलं. त्यातला एकही लागला नाही. बाकीचे कसेबसे उतरले. ताई जिना समजून ट्रायल रूमच्या बोळात शिरली. त्या बोळाला दुसरं तोंड नव्हतं.

चौकशीत मालक म्हणाला, "बाई घाबरल्या. बारा वर्षं काम करून त्यांना जिना सापडला नाही, त्याला मी काय करू?" बॅटऱ्या रिकाम्या का होत्या, हे कुणी विचारलंच नाही. माल खराब होता म्हणून पुरवठादाराच्या गळ्यात सगळं पडलं आणि मालक नामानिराळा. आई त्या दिवशी माझ्या शेजारी बसली होती. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मग घरी येईपर्यंत बसच्या खिडकीबाहेर पाहत राहिली. मी तेव्हा वायरिंगचा कोर्स करत होते. तो संपल्यावर पंखे आणि गिझर सोडले आणि हेच काम धरलं. लोकांना वाटतं समाजसेवा. समाजसेवा कसली, मला तो माणूस हवा होता.

बॅटऱ्या रिकाम्या का होत्या, हे मला पुढे कामावर कळलं. हे दिवे मेनच्या विजेवर चार्ज होतात आणि वीज गेली की बॅटरीवर लागतात. दिव्याला काय माहीत की वीज गेलेली नाही, मालकाने बिल वाचवायला बंद केली आहे? दुकान बंद करताना मेन पाडला की बिचारे रिकाम्या इमारतीत तीन तास जळतात आणि सकाळी दुकान उघडतं तेव्हा त्यांच्यात जीव नसतो. पुन्हा भरायला पूर्ण दिवस लागतो.

नव्या इमारतीच्या वॉचमनला मी आदल्या दिवशीच फोन केला होता. "मेन? रोज पाडतो की. मालकांची सक्त ताकीद आहे," तो म्हणाला. मला जे हवं होतं ते मिळालं.

सकाळी दहाला मालक स्वतः दारात उभा होता. अंगाने सुटला होता, केस काळे केले होते. त्याने मला ओळखलं नाही.

"मॅडम, लवकर आटपा हं. ते बटण दाबून बघतात ना, तेवढंच."

"तेवढंच कसं? तुम्ही पण चला वर. मालकासमोर चाचणी झालेली बरी. मोबाईल तेवढा काउंटरवर ठेवा, नियम आहे."

असा काही नियम नाही.

तिसऱ्या मजल्यावर खिडक्यांवर बाहेरून जाहिरातीचे फलक ठोकले होते. भर दिवसाही आत ट्यूबलाइटचाच उजेड. मी त्याला मजल्याच्या मध्यावर उभं केलं आणि वॉचमनला वॉकीटॉकीवर मेन पाडायला सांगितलं. हिरव्या पाट्या आणि दिवे लागले, दोन मिनिटं पिवळट जळले आणि एकामागोमाग विझले.

"हे काय? नवे आहेत सगळे," मालक म्हणाला.

"असू देत. चला, जिन्याकडे चला."

"टॉर्च लावा की."

"धुरात टॉर्च असून नसल्यासारखाच. दुकान तुमचं आहे, नकाशा तुम्ही पास केलाय. चला."

तो निघाला. हँगरचा एक स्टँड पडला, मग दुसरा. पुतळ्याला धडकून तो त्याचीच माफी मागायला लागला. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. हातातल्या घड्याळाचे काटे रेडियमचे आहेत, तेवढेच दिसत होते. आरशावर तळहात आपटल्याचा आवाज आला, तेव्हा तो ट्रायल रूमच्या बोळात गेलाय हे मला कळलं.

"मॅडम, इथे पुढे रस्ता नाहीये."

"घाबरलात का? स्वतःच्या दुकानात जिना सापडत नाही, त्याला मी काय करू?"

तो खाली बसल्याचा आवाज आला, त्याचा श्वास मला तिथवर ऐकू येत होता. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. ताईचा जीव जायला त्या बोळात अकरा मिनिटं लागली, असं कागदोपत्री आहे. मी अकरा मिनिटं मोजली आणि मग टॉर्च लावला.

"तुम्ही त्या बाईंच्या कोण?" त्याने डोळ्यांवर हात धरून विचारलं.

"धाकटी बहीण."

खाली येऊन मी अहवालावर 'नापास' लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात मेनचा सगळा प्रकार सविस्तर लिहिला, जुन्या दुकानाच्या उल्लेखासकट. एक प्रत थेट अग्निशमन खात्याकडे जाणार होती. उद्घाटन बोंबललं होतं आणि जुनं प्रकरणही उकरलं जाणार होतं. त्याने वाचलं, पाणी मागितलं, पण हुज्जत घातली नाही.

"खरं आहे. मेन पाडायला मीच सांगायचो," तो म्हणाला. "पण पाडायची तुमची ताई. किल्ल्या तिच्याकडे असायच्या. तिने मला विचारलं होतं एकदा. मेन पाडल्यावरही हे दिवे जळतच राहतात, काही बिघाड नाही ना? मला त्यातलं काय कळतंय. मी म्हटलं, तुझी बहीण वायरिंगचं शिकतेय, तिला विचार. दुसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, बहीण म्हणते काही होत नाही, बॅटरीवर आहेत, आपोआप बंद होतात."

त्या रात्री घरी मी परीक्षेची आकृती काढत बसले होते. ताई दारात उभी राहून केस सोडत होती आणि मी मान वर न करता तिला तेच, तसंच सांगितलं होतं. इतकंच बोलणं झालं होतं, आणि इतकी वर्षं मला ते एकदाही आठवलं नव्हतं.

त्याला खोटं पाडावं म्हणून मी खूप शोधलं, पण 'आपोआप बंद होतात' हे शब्द माझेच होते. अहवाल मी बदलला नाही. त्याचा गुन्हा होता तेवढाच राहिला होता आणि त्याने तो फेडायलाच हवा होता. सही केली, त्याची प्रत त्याला दिली आणि बाहेर पडले.

घरी आई शेंगा सोलत बसली होती. मी आज कुठे गेले होते, हे तिला माहीत होतं.

"कबूल केलं त्याने?"

"केलं. लेखी गेलंय सगळं. आता सुटत नाही तो."

आईने हातातली शेंग टोपलीत टाकली. सहा वर्षांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला.

"पण आई, तो एकटा नव्हता. अजून एक जण आहे."

"कोण? असेल तो असेल, त्यालाही सोडू नकोस."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तिला सांगायला लागले.