चुकीला आदाब

अनिसा मॅडमच्या रोशन गेटजवळच्या घरी पियानो शिकायला येणाऱ्या पोरांना एकच नियम होता: चूक झाली की रडायचं नाही, सगळ्यांनी मिळून तिला आदाब करायचा. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मॅडम स्वतःच गमतीच्या छोट्या धून लिहायच्या. 'बंद पडलेली रिक्षा', 'उंटाचा ढेकर' अशा. मुलानं दोन बोटांनी सोपं वाजवायचं, शेजारी बसून मॅडमनी खालच्या पट्ट्यांवर गडगडाट करायचा आणि मधेच मुद्दाम एखादा वाकडा सूर काढायचा. तो आला की पोरं कपाळाला हात लावून ओरडायची, "आदाब!" भित्र्यातलं भित्रं लेकरूही त्यानं धीट व्हायचं. तीस वर्षं हे औषध कधी फसलं नव्हतं.

गेल्या रविवारी फसलं.

दहा वर्षांच्या प्रेरणानं, कुणाला न सांगता, स्वतः रचलेली धून वाजवायला घेतली. दोन सूर सरळ, तिसरा ओढल्यासारखा, किंचित शेजारच्या पट्टीवर घसरलेला. मॅडमना वाटलं, बोट चुकलं. आधी त्यांनीच हात कपाळाला नेला. मग बारा पोरांचा एकच गलका. प्रेरणानं पुन्हा तसंच वाजवलं. पुन्हा आदाब, पुन्हा हशा. तिनं पियानोचं झाकण मिटलं आणि अनवाणीच जिना उतरून गेली.

बुधवारी ती आली नाही. शुक्रवारीही नाही. तेव्हा मॅडम रिक्षा करून गारखेड्याला तिच्या घरी गेल्या.

"कुणाशी बोलतच नाय बघा," तिची आई सोनिया म्हणाली. "कीबोर्ड पलंगाखाली सारून दिलाय. म्हणते, शिकायचंच नाय आता."

प्रेरणा खिडकीकडे तोंड करून बसली होती.

"बेटा, चूक सगळ्यांचीच होते. आपल्या क्लासात तर चुकीचा मान असतो ना?"

"माझं चुकलं नव्हतं."

"मग?"

"ते आबा चालत होते. गावाला, पिशोरला. एक पाय ओढत. तुम्ही आबांना हसल्या."

आबा, म्हणजे तिचे आजोबा कडुबा, दिवाळीनंतर गेले होते. मॅडमच्या मनात आलं: तीस वर्षांत आपण ज्या सुरांना आदाब केला, त्यातल्या किती खऱ्याच चुका होत्या? ज्यांनी असं तोंडावर सांगितलं नाही, ती पोरं काय गिळून घरी गेली असतील?

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "एकदा ऐकवशील?"

"तुमच्यासमोर नाय वाजवणार."

"मग मला शिकव."

प्रेरणानं वाकून पलंगाखालचा कीबोर्ड ओढला, फरशीवर मॅडमपुढे ठेवला आणि बोट न लावता लांबूनच पट्ट्या दाखवल्या. गुडघे धरत मॅडम खाली बसल्या. त्यांनी वाजवलं.

"असं नाय. तुम्ही लई घाई करता. पाय दुखायचा त्यांचा."

मॅडमनी पुन्हा वाजवलं.

"अजून हळू. बांधावर थांबायचे ते."

रविवारी येशील का, हे विचारायची मॅडमची छाती झाली नाही. त्यांनी बोट त्या तिसऱ्या सुरावर ठेवलं आणि पोरगी 'चला पुढं' म्हणेपर्यंत तसंच दाबून धरलं.