शाळेचं नाव पुसलं तेव्हा

एका शाळेने इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या मराठी मंडळाला बारा जुने लॅपटॉप दिले आणि ते गरजू मुलांना वाटायचं काम सुयशकडे आलं. बेसिंगस्टोकच्या एका कंपनीत तो कॉम्प्युटरची सुरक्षाच सांभाळायचा. मग काळजी कसली! सुयशने प्रत्येक लॅपटॉप सुरू होतो एवढं पाहिलं, वर मंडळाचं स्टिकर लावलं, वाटपाचे फोटो काढले आणि हात झटकले.

पंधरा दिवसांनी त्या मुलांपैकी अन्वी आपला लॅपटॉप छातीशी धरून मंडळाच्या हॉलमध्ये आली. तिची आई यमुना वृद्धांच्या केअर होममध्ये काम करते. घरात दुसरा कॉम्प्युटर नाही आणि अन्वीला दहा दिवसांत जीसीएसईचं, म्हणजे तिथल्या दहावीचं, कोर्सवर्क द्यायचं होतं.

"काका, मला ही लॅपटॉप नको," ती इंग्रजी वळणाच्या मराठीत म्हणाली. "लायब्ररीत ऑन केली, वायफाय लावलं, तर स्क्रीनवर मोठं आलं, शाळेची प्रॉपर्टी, लक्ष ठेवलं जात आहे. लायब्रेरियन म्हणाली, व्हेअर डिड यू गेट धिस? त्यांना वाटलं, मी चोरली."

सुयश ओशाळला, पण वरवर. "अगं, ते शाळेचं जुनं सिक्युरिटी सॉफ्टवेअर आहे. काढायला पासवर्ड मागतं. इग्नोर कर ना! फुकट मिळालाय, चालतंय की."

चहाचे कप विसळणाऱ्या लीलावतीकाकूंनी नळ बंद केला. इथल्याच एका शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बावीस वर्षं टेक्निशियन म्हणून काम केलेल्या बाई त्या!

"सुयश, तुझ्या ऑफिसात असा लॅपटॉप कुणाला देशील?"

"छे हो काकू! नोकरी जाईल माझी."

"मग हिला कसा दिलास? साहेबाला नीट आणि गरजूला चालतंय?"

सुयशचा चेहरा उतरला. "नेटवर ट्रिक्स आहेत. आज काढून टाकतो."

"ट्रिक नको. शाळेच्या यादीत हे लॅपटॉप अजून आहेत. नेटला जोडलास की ते सॉफ्टवेअर परत येईल. शाळेला लिही, यादीतून त्यांची नोंद काढून घे. मग डिस्क कोरी कर, आधीच्या मुलांचं काही तिच्यात राहता कामा नये. आणि नवी सिस्टिम घाल. रीतसर!"

त्याच दिवशी सुयशने शाळेला मेल केली. दोन दिवसांत तिथल्या टेक्निशियनने बाराही लॅपटॉप यादीतून काढले. सुयश स्वतः घरोघरी गेला, माफी मागितली, लॅपटॉप गोळा केले. शनिवारी हॉलमध्ये तो एकेक डिस्क कोरी करत बसला. अन्वी शेजारी बसून बघत होती. दुसऱ्यानंतर म्हणाली, "काका, आता मी करते." चार लॅपटॉप तिने एकटीने केले!

सोमवारी ती त्याच लायब्ररीत, त्याच टेबलावर बसली. स्क्रीनवर फक्त तिचं नाव आलं. लायब्रेरियनने हसून विचारलं, "नवीन का?"

"नाही, जुनाच," अन्वी इंग्रजीत ताठ मानेने म्हणाली. "पण साफ मी केला."

हे कळलं तेव्हा लीलावतीकाकूंनी हॉलभर सगळ्यांना सांगितलं आणि सुयशने मान खाली घालून ऐकलं, डोळे मात्र अभिमानाने भरले होते. कोर्सवर्क वेळेत गेलं.

मंडळींनो, आपण जुनं देतो, त्यात गैर काहीच नाही. पण देताना एकदा स्वतःला विचारूया, हे मी माझ्या साहेबाच्या टेबलावर ठेवलं असतं का? उत्तर नाही असेल, तर आपलं काम अजून संपलेलं नाही.