बाईंची भूक

अन्नपूर्णा जानेफळच्या शाळेत शिकवायला आली तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं होतं, आणि गावाला बाईमाणूस मास्तर म्हणून येणं त्याहून नवं होतं. चिखलीतल्या भरल्या घरातली ही पोर. काका, काकू, चुलत भावंडं, एका ताटात दोघं दोघं जेवणारी. तिकडे तिला कोणी पुरत्या नावानं हाक मारलीच नाही, ती सगळ्यांची अन्नू. इथे मात्र ती एकदम 'बाई' झाली.

रस्त्यानं निघाली की ओट्यावरची म्हातारी माणसंही पाय आखडून घ्यायची. विहिरीवर गेली की बायांच्या गप्पा थांबायच्या. "बाईले आंधी भरू द्या," म्हणून दोर तिच्या हाती यायचा. घागर घेऊन ती वळली की पाठीमागे हसणं पुन्हा सुरू व्हायचं. गावानं मान द्यायला काही कमी केलं नव्हतं. फक्त तिच्याशी बोलत कोणी नव्हतं. तीही ट्रेनिंगला शिकलेली शुद्ध भाषा तोलून तोलून बोलायची, त्यामुळे बोलू पाहणाऱ्याचीही जीभ अडखळायची.

मनकर्णाबाईच्या घरातली रस्त्याकडची खोली तिनं भाड्यानं घेतली होती. मनकर्णाबाई पन्नाशीची, भाजीपाल्याच्या मळ्यात राबलेली, खणखणीत आवाजाची. पण तीसुद्धा वांगी-मिरच्या द्यायला आली की उंबऱ्याबाहेर उभी राहायची, टोपली ठेवायची आणि निघून जायची.

शाळा सुटली, दार लोटलं, की अन्नपूर्णाचा हात आपसूक फळीवरच्या डब्याकडे जायचा. बाजाराच्या दिवशी आणलेली गुळाची शेव, रेवड्या, फुटाणे. मूठभर खाऊ म्हणायची आणि खिडकीतून रस्ता बघत राहायची. बोटं डब्याच्या बुडाला लागली की तिला कळायचं. मग स्वतःचाच राग यायचा, आणि त्या रागावर उतारा म्हणून उरलेला चुराही तोंडात जायचा.

एके दिवशी फळ्यावर वरच्या ओळीत तारीख लिहायला तिनं हात उंचावला आणि ब्लाऊज काखेत टरकन फाटला. पदर लपेटून तिनं उरलेला तास खुर्चीत बसून घेतला. पोरी बिचाऱ्या खाली मान घालून लिहीत राहिल्या. घरी येऊन तिनं डबा पेटीत टाकला, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली मनकर्णाबाईकडे दिली.

"मी मागितली तरी देऊ नका."

"बरं," मनकर्णाबाई म्हणाली. मास्तरीणबाईला कारण कसं विचारायचं?

कुलूप टिकलं ते डिप्टीसाहेब शाळा तपासायला येईपर्यंत. त्या दिवशी साहेबांनी तिच्या वर्गाला विचारलं, "पैनगंगा कुठून वाहते?" एक पोर ताडकन उठून म्हणाली, "साहेब, मेहकरावून. मी पोहली हाये तिच्यात!" साहेब खूश झाले. सगळ्या मास्तरांसमोर त्यांनी अन्नपूर्णाबाईंची तारीफ केली.

ती घराकडे निघाली तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. कधी एकदा कोणाला सांगते असं झालेलं. खोलीचं दार उघडलं. आत चूल, चटई, पेटी. तिनं पिशवी ठेवली, तशीच परत फिरली, कोपऱ्यावरच्या दुकानातून रेवड्यांचा पुडा आणला आणि उभ्या उभ्याच खायला लागली.

तेवढ्यात मनकर्णाबाई ताट घेऊन दारात आली. गरम भाकर, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा.

"आज लय उशीर झाला तुमाले. भूक लागली असन."

"नाही हो, भूक नाही मला," अन्नपूर्णा भरल्या तोंडानं म्हणाली.

मनकर्णाबाईनं पुड्याकडे पाहिलं, तिच्या फुगलेल्या गालाकडे पाहिलं आणि तिला हसू आवरेना. "भाकरीची भूक नाही, मंग हे कायची भूक हाये वो बाई?"

त्यात टोमणा नव्हता. खरंच तिला कळत नव्हतं म्हणून तिनं विचारलं होतं. अन्नपूर्णानं घास गिळला. काय सांगावं हे सुचण्याआधीच तिच्या तोंडून निघून गेलं, "आज डिप्टीसाहेबांनी माझी तारीफ केली."

"हाव?" मनकर्णाबाईनं ताट खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत येऊन बसली. "काय म्हणे? सारं सांगा बरं, आंधीपासून!"

अन्नपूर्णानं सारं सांगितलं. साहेबांना तपकिरीची सवय, आणि नेमकी तारीफ करतानाच त्यांना शिंक आली, त्याची तर तिनं नक्कलच केली. "शाबा—" म्हणून नाक वर, मग फाडकन शिंक, मग "—स!" मनकर्णाबाई भिंतीला टेकून डोळे पुसेपर्यंत हसली. सांगता सांगता अन्नपूर्णाची शुद्ध भाषा कुठे गळून पडली ते तिलाही कळलं नाही.

"अन् मी अशी उभी, हसू त येऊन राह्यलं, अन् हसता येत नाही!"

"माय वो! तुमी त आमच्यावानीच बोलता!"

"मंग काय? मी चिखलीचीच हाये न."

बोलणं संपलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं, पुडा अर्धा तसाच पडला होता. तिचा हात त्याच्याकडे गेलाच नव्हता. आणि आता पोटात खरोखरची भूक लागली होती. तिनं ताट ओढलं, भाकर मोडली आणि ठेच्याबरोबर चवीनं संपवली.

"मावशी," ती म्हणाली, "मले बाई नका म्हणू. घरी मले अन्नू म्हणतात."

"मास्तरीणले अन्नू? लोकं काय म्हणतीन?" मनकर्णाबाई म्हणाली. पण जाताना ती दारात थांबली. "झोप आता, अन्नू."

दुसऱ्या दिवशी अन्नपूर्णानं किल्ली परत घेतली आणि डबा पुन्हा फळीवर ठेवला. त्यानंतर हात डब्याकडे गेला की ती स्वतःलाच मावशीचा तो प्रश्न विचारायची, ही कशाची भूक? कधी उत्तर यायचं, भूकच आहे. मग ती तव्यावर भाकर टाकायची. कधी यायचं, काकूची आठवण झाली. मग ती मागच्या अंगणात मावशीबरोबर शेंगा फोडायला जायची. कधी उत्तर काहीच यायचं नाही, आणि ती शेव खाऊन मोकळी व्हायची. पण मग तिनं स्वतःला दोष देणं सोडलं, आणि चुरा डब्यातच राहू लागला.

भादव्याच्या पौर्णिमेला घरोघरी मातीच्या भुलाबाई बसल्या, म्हणजे आता महिनाभर रोज संध्याकाळी दारोदार पोरींची गाणी आणि झाकलेली खिरापत ओळखायचा खेळ. संध्याकाळी टिपऱ्या वाजवत पोरी मनकर्णाबाईच्या अंगणात आल्या. अन्नपूर्णा खिडकीशी ऐकत होती. डबा फळीवर होता. ती उठली, आणि डब्याकडे न जाता सरळ अंगणात गेली.

टिपऱ्या थांबल्या. पोरी ताठ उभ्या राहिल्या. "बाई आल्या!"

अन्नपूर्णानं शेणानं सारवलेल्या जमिनीवर खुशाल मांडी घातली. "मी बी खेळतो. खिरापत ओळखाची बारी कोणाची?"

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. मनकर्णाबाईनं पदराखाली झाकलेलं भांडं पुढे केलं. "बाईचीच! हलवून पाहा."

भांडं वाजेना. अन्नपूर्णानं शिरा म्हटलं, खीर म्हटलं, पुरण म्हटलं, आणि प्रत्येक वेळी पोरी "नाही!" म्हणून किंचाळल्या. वर्गात कायम उत्तरं देणारी बाई हरतेय, याचा त्यांना कोण आनंद! शेवटी तिनं हात टेकले. भांड्यात वाळकाच्या फोडी निघाल्या, तिखट-मीठ लावलेल्या. वाटणी झाली. तिच्या वाट्याला एकच फोड आली, आणि तिनं ती चावून चावून, बोटांचं तिखट चाटत खाल्ली.

मग मनकर्णाबाईनं पदर खोचला. "चाल, फुगडी!"

"या वयात, मावशी?"

"माह्या वयात की तुह्या?"

दोघी गरगर फिरल्या. पोरींनी ठेका वाढवला. अन्नपूर्णाचा अंबाडा सुटला, मावशीची पकड सुटली आणि दोघी दोन दिशांना धपकन पडल्या. पोरी दचकून जागीच थबकल्या. बाई जमिनीवर आडव्या, केसांत माती, आणि हसून हसून उठता येत नाही.

"पाहून काय राह्यल्या? उठवा न मले!"

पोरींचे हात एकदम पुढे आले. सगळ्यांनी मिळून असं ओढलं की ओढणाऱ्याच तिच्या अंगावर कोसळल्या.

"उठा वो, उठा," मनकर्णाबाई कंबर धरून ओरडली, "अजून सारी आळी बाकी हाये!"

अन्नपूर्णानं केस बांधले, एका पोरीची टिपरी मागून घेतली आणि घोळक्यात मिसळून पुढच्या घराच्या दाराकडे निघाली.