मेलेल्या दाण्यांचा कॉलम

तिचं पत्र येऊन पाच आठवडे झाले होते आणि निवृत्त रसायनतज्ज्ञांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र जेमतेम दहा ओळींचं. ती दुसऱ्या एका कारखान्यात बिस्किटांसाठी लागणारी चरबी तयार करायची. लायपेज नावाचं एन्झाइम बारीक दाण्यांवर पक्कं बसवायचं, ते दाणे उभ्या कॉलममध्ये भरायचे आणि वरून गरम तेल सोडायचं. खाली उतरेपर्यंत तेलाची घडणच बदललेली. 'तुमच्या लेखात दाणे दोनशे दिवस टिकले. आमचे चाळीस दिवसांत मरतात, मग तेल बदलतच नाही. लेखातलं सगळं तंतोतंत पाळलं आहे. पुढच्या महिनाअखेरीस साहेब हे काम गुंडाळून मला घरी पाठवतील. माझं कुठे चुकतंय?'

तिचं कुठेच चुकत नव्हतं. हे पहिल्या वाचनातच कळल्यामुळे त्यांना पेन उचलवत नव्हतं.

त्यांच्या कारखान्यातले फोरमन महाचिकट. मेलेले दाणे फेकू द्यायचे नाहीत. नव्या कॉलमच्या आधी त्यांनी जुन्या दाण्यांचा एक कॉलम जोडून ठेवला होता. "राहू द्या हो साहेब. नव्या सुनेच्या आधी ही सासू तेलाची चव घेईल." नव्या दाण्यांना मारणारा तेलातला खवटपणा, साबणाचा अंश, सगळं ती सासू मुकाट गिळायची. लेख लिहिताना मात्र असली भंगार जोडणी छापायची रसायनतज्ज्ञांना लाज वाटली. दोनशे दिवसांचं श्रेय एकट्या नव्या दाण्यांना गेलं.

"झालं का लिहून?" बायकोने कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारलं.

"मसुदा चालू आहे."

"पाच आठवडे? आपलं लग्न तीन दिवसांत ठरलं होतं."

"तिथे मला काही लिहायचं नव्हतं."

"अहो, त्या पोरीची नोकरी जाईल."

"आणि लोक म्हणतील, म्हाताऱ्याने लपवलं."

"लपवलंतच ना?" ती शांतपणे म्हणाली. "आणि लोक कोण? तो लेख वाचलेली तुम्ही दोघंच असाल."

महिना संपायला सहा दिवस होते. त्यांनी लिहायला घेतलं. जुन्या कॉलमची उंची, तेलाचा वेग, किती दिवसांनी दाणे बदलायचे, सगळं आठवून लिहिलं. 'नजरचुकीने राहून गेलं' हे वाक्य दोनदा वाचून खोडलं आणि वर लिहिलं, 'लाज वाटली म्हणून मी गाळलं. पत्र साहेबांना दाखवा.'

टपाल कचेरीतल्या माणसाने पाकीट वजनाला ठेवलं.

"परवा पोचेल," तो म्हणाला.

रसायनतज्ज्ञांनी मान डोलावली. त्याने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.