गळालेले काटे

निवृत्त ग्रंथपालांनी खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत कोपरापर्यंत हात घातला, चिमट्याने वाळूतला अकरावा काटा उचलला आणि जेवणाच्या टेबलावर, जावयाच्या कपाशेजारी, आणून ठेवला.

टाकीत दोन सी अर्चिन होते, समुद्रातले गोल जीव. काळे, लिंबाएवढे, अंगभर काटे. आठवडाभर त्यांचे काटे गळत होते.

"चहात घालू का हा?" जावई म्हणाला.

"पाण्यात काय घातलंत तेवढं सांगा, जावईबापू."

"मी त्या टाकीला बोटसुद्धा लावत नाही. तुम्ही राहायला आलात तेव्हा एकच सांगितलं होतं, काच हिरवी दिसली की टाकी जिन्यात जाईल."

"जिन्यात ठेवा हवी तर. पण जीव कशाला घेता?"

मुलगी हात पुसत आली. तिने काट्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"खरं सांग, तू काही केलंस का?"

"म्हणजे तुलाही तसंच वाटतं," जावई उठला. चहा तसाच राहिला.

तीन दिवस नवरा-बायको एकमेकांशी बोलले नाहीत. जावई बाहेरच्या खोलीत झोपू लागला. ग्रंथपालांना त्या तीन दिवसांत जेवण मात्र चांगलं गेलं.

चौथ्या दिवशी ते बाटलीत पाणी भरून शोभेच्या माशांच्या दुकानात गेले. दुकानदाराने त्यात औषधाचे थेंब टाकून रंग पाहिला.

"पाणी ठणठणीत आहे, काका. खायला काय देता?"

"काचेवरचं शेवाळ खातात, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"हो. मग आहे ना काचेवर?"

ग्रंथपालांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. रोज सकाळी, जावई उठायच्या आत, ते काच आतून घासत होते. हिरवा ठिपकाही उरू देत नव्हते.

"उपाशी आहेत बिचारे," म्हणत दुकानदाराने वाळलेल्या शेवाळाचं पाकीट पुढे सरकवलं.

दार मुलीनेच उघडलं. मागे जावई वर्तमानपत्र वाचत बसला होता. त्याने मान वर केली नाही, पण पान उलटता उलटता त्याचा हात थांबला.

"काय निघालं पाण्यात?" मुलीने विचारलं.

ग्रंथपालांनी खिशातलं पाकीट आणखी खाली दाबलं.

"नक्की सांगता येत नाही म्हणाला."

मुलगी आत गेली आणि तिने खोलीचं दार लावून घेतलं. जावयाने पेपराची घडी घातली, चपला अडकवल्या आणि तो बाहेर पडला.

मग ग्रंथपालांनी शेवाळाचा तुकडा पाण्यात काचेला चिकटवला. बऱ्याच वेळाने एक अर्चिन तिथवर चढला आणि खायला लागला. काच खरवडल्याचा बारीक आवाज येऊ लागला. त्यांनी बंद दाराकडे पाहिलं, आणि उठून रेडिओ मोठ्याने लावला.